बाइकची सीट, पेट्रोलची टाकी आणि लांबचा पल्ला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्याचा. आधी स्प्लेंडर आणि आता क्लासिक ३५०, या दोन गाड्यांवर कोकण, गोवा, विदर्भ आणि एकदा लेहपर्यंत जाऊन आलोय. चहाच्या टपरीवर गाडीवरची बॅग बघून लोक जवळ येतात आणि दोनच गोष्टी विचारतात. "बूड दुखत नाही का?" आणि "एका टाकीत किती जाते?" हे प्रश्न वेगवेगळे विचारले जातात, पण माझ्या लेखी ते एकच आहेत. कुठे आणि किती अंतराने थांबायचं, हे सीट आणि टाकी मिळून ठरवतात. म्हणून इथे दोन्हींची उत्तरं एकत्र दिली आहेत.

पुणे ते गोवा एका दिवसात जायचंय. कंपनीच्या सीटवर किती वेळ बसवेल?

बहुतेकांना तास, सव्वा तास. त्यानंतर चुळबुळ सुरू होते. आपण थोडे पुढे सरकतो, मागे सरकतो, एका कुल्ल्यावर भार देऊन बघतो. ही चुळबुळ म्हणजे शरीराने दिलेली सूचना असते.

बसल्यावर आपला भार प्रामुख्याने बैठकीच्या दोन हाडांवर येतो. हाताच्या तळव्यावर बसून बघा, दोन टोकं टोचतील, तीच ही हाडं. त्यांच्याखालची कातडी आणि स्नायू दाबले जातात आणि रक्त नीट फिरत नाही. आधी दुखतं, मग बधिर होतं. बधिर झालं की बऱ्याच जणांना वाटतं सवय झाली, आता रेटू या. इथेच चूक होते. बधिरपणा आला म्हणजे उतरायची वेळ टळून गेलेली असते, आणि त्यानंतर दहा मिनिटांच्या जागी अर्धा तास थांबलं तरी दिवसभर पहिल्यासारखं वाटत नाही.

पुण्याहून कोल्हापूर, आजरा, आंबोलीमार्गे पणजी साधारण साडेचारशे किलोमीटर. दर ७०-८० किलोमीटरला दहा मिनिटं थांबा. सहा-सात थांबे होतील, म्हणजे सगळा मिळून तासभर. हा तास वाया गेला असं समजू नका. थांबून गेलेला माणूस आंबोलीच्या वळणांवर ताजा असतो. न थांबता गेलेल्याचं लक्ष तिथे रस्त्यावर कमी आणि कमरेकडे जास्त असतं. पुणे-गोवा प्रवासात ज्या भागात सगळ्यात जास्त सावध असायला हवं तो भाग सगळ्यात शेवटी येतो, हे लक्षात ठेवून दिवस आखा.

थांबल्यावर गाडीला टेकून मोबाइल बघत उभे राहू नका. शंभर पावलं चाला, दोन-चार उठाबशा काढा, पाणी प्या. लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणीच न पिणारे खूप आहेत, विशेषतः बायका, कारण वाटेत स्वच्छ सोय मिळत नाही. त्यांची अडचण खरी आहे. पण उन्हात पाणी तोडलं की डोकं जड होतं, पायात गोळे येतात. थांबे ठरवतानाच बरं स्वच्छतागृह असलेले पंप आणि हॉटेलं निवडली तर हा प्रश्न बराच सुटतो.

सीट जितकी मऊ तितका आराम जास्त, बरोबर ना?

नाही. शोरूममध्ये बसल्यावर गादीसारखी वाटणारी सीट शंभर किलोमीटरनंतर सगळ्यात जास्त त्रास देते. फोम फार मऊ असेल तर हाडं त्यातून खाली जाऊन थेट प्लॅस्टिकच्या किंवा पत्र्याच्या तळाला टेकतात. मग भार दोन टोकांवरच येतो आणि फोम असून नसल्यासारखा होतो. फोम टणक असला पण भार पसरवत असला की पहिली दहा मिनिटं कडक वाटतं, पुढचे तीन तास बरे जातात.

एक सोपी परीक्षा. आपण जिथे बसतो तिथे अंगठा जोर लावून दाबा. खालचा तळ हाताला लागला तर फोम बसलाय किंवा मुळातच हलका आहे. जुन्या गाडीत हे हमखास सापडतं. वरचं कव्हर चकचकीत असतं आणि आतला फोम केव्हाच मेलेला असतो.

सीटचा उतारही बघा. बऱ्याच गाड्यांची सीट टाकीकडे उतरती असते. ब्रेक मारला की आपण पुढे घसरतो, मग हातांनी रेटून मागे येतो. दिवसभरात हे शंभर वेळा झालं की मनगटं, खांदे आणि जांघा एकदमच बोलायला लागतात.

नवी सीट घ्यावी की आहे त्यावर काहीतरी टाकावं?

आधी पैसे न लागणाऱ्या गोष्टी करा. मागच्या शॉकअपला पाच-सहा खाचा असतात. एकटे हलक्या बॅगेसह जाताना शॉकअप सगळ्यात कडक खाचेवर असेल तर प्रत्येक खड्डा थेट मणक्याला लागतो. दोघं आणि सामान असताना तो सगळ्यात मऊ खाचेवर असेल तर गाडी तळाला आपटते. टूलकिटमधला वाकडा पाना याच कामासाठी असतो, आणि कितीतरी गाड्यांमध्ये तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच आलेला नसतो. टायरमधली हवाही बघा. जास्त भरली की गाडी उडते, कमी भरली की पेट्रोल खाते.

त्यानंतर वरून टाकायच्या वस्तू. हवेच्या कप्प्यांची गादी लांबच्या पल्ल्याला चांगली, पण ती टम्म फुगवायची नाही. बसल्यावर हाड आणि सीट यांच्यात बोटभर हवा राहील इतकीच. टम्म फुगवली की आपण फुग्यावर बसल्यासारखे डुलतो. जेलची गादी दाब छान पसरवते, मात्र उन्हात उभ्या गाडीवर ती तव्यासारखी तापते. थांबताना तिच्यावर जर्किन टाका. टॅक्सीत असतं तसं लाकडी मण्यांचं कव्हर पाहून काही जण नाक मुरडतात, पण मे महिन्यात सोलापूरकडे जाताना मला त्याने सगळ्यात जास्त साथ दिली. मण्यांमधून वारा खेळतो, घाम साचत नाही. पावसाळ्यात मात्र ते घसरतं, तेव्हा घरी ठेवा.

हे सगळं करूनही तासाभरात त्रास होत असेल तर सीट कुशनवाल्याकडे न्या.

कुशनवाल्याला नेमकं काय सांगायचं?

"मऊ करून द्या" एवढंच सांगू नका. तो बिचारा वर दोन इंच स्पंज चिकटवून देईल आणि महिन्याभरात तो बसेल.

माझी सीट कोल्हापुरात एका वयस्कर कारागिराने केली. त्यांनी आधी जुनं रेक्झिन उचकटलं आणि उघड्या फोमवर मला बसवलं. "पाय खुंट्यांवर ठेवा. हँडल धरा. आता हलू नका." दोन-तीन मिनिटं तसंच बसवून मग उठवलं. फोमवर दोन खळगे उमटले होते. ते भरून यायच्या आत त्यांनी खडूने दोन गोल काढले. ते गोल सीटच्या मध्यावर नव्हते, मला वाटलं होतं त्यापेक्षा चार बोटं पुढे होते. म्हणजे सीटच्या सगळ्यात अरुंद आणि उतरत्या भागावर मी वर्षभर बसत होतो. त्यांनी करवतीच्या मोकळ्या पात्याने तेवढा भाग कापून काढला, तिथे घट्ट वीण असलेला फोम बसवला, पुढचा उतार भरून सपाट केला आणि सगळ्यावर अर्ध्या इंचाचा मऊ थर दिला. कडा पॉलिश पेपरने घासताना ते डोळे मिटून नुसता हात फिरवत होते. कुठे उंचवटा राहिलाय ते बोटांना कळत होतं.

तेव्हा सांगायचं ते असं. खाली टणक, वर पातळ मऊ थर. पुढचा उतार कमी. बसायची जागा मागे थोडी रुंद. फोम आणि रेक्झिन यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद, नाहीतर पावसात शिलाईतून पाणी आत जातं आणि दोन दिवस सीट ओली राहते. शिलाई बसायच्या जागेवर येऊ देऊ नका, ती कडेला घ्या. आणि सीट देण्याआधी चावी, लॉक, खालचे रबरी ठोकळे यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एक ठोकळा हरवला तरी सीट कायमची खडखडते.

लगेच दुसऱ्या दिवशी लांब निघू नका. नवा फोम अंगाला बसायला आठवडा-दोन आठवडे घेतो.

उंची कमी आहे, पाय टेकत नाहीत. सीट कापून खाली करू का?

वरून कापू नका. तिथला फोम हाच तुमचा आराम आहे. जमिनीला पाय टेकण्यात उंचीइतकाच सीटच्या रुंदीचाही वाटा असतो. पुढच्या भागाच्या दोन्ही कडा तासून निमुळत्या केल्या तर मांड्या जवळ येतात आणि पाय आपोआप खाली पोचतात. क्लासिक ३५०ची सीट ८०५ मिलिमीटरवर आहे, एक्सपल्स २००ची ८२५च्या आसपास. कागदावर फरक दोन सेंटिमीटरचा, पण कडा कशा आहेत यावर तो जास्त किंवा कमी जाणवतो. शिवाय जाड तळाचे बूट. तेवढ्यानेही बऱ्याच जणींचं काम झालेलं मी पाहिलं आहे.

मागे बसणाऱ्याचं काय?

हा प्रश्न फार कमी विचारला जातो, म्हणून मीच इथे घातला आहे. चालवणाऱ्याला रस्ता दिसतो, खड्डा आधी कळतो, तो पायावर भार घेऊन उचलला जातो. मागे बसलेल्या माणसाला काहीच कळत नाही आणि सगळा दणका त्याला बसतो. त्यात मागची सीट अरुंद, धरायला जागा नाही. एकदा महाबळेश्वर उतरून पोलादपूरमार्गे महाडला आलो तेव्हा आमची ही म्हणाली, "अहो, मला धरून उतरवा, पाय आहेत की नाहीत तेच कळत नाहीये." मी मात्र मजेत होतो. त्या दिवसापासून थांबा कधी घ्यायचा ते मागची व्यक्ती ठरवते.

पाठीला टेकण असलं तर माकडहाडावरचा भार खूप कमी होतो. बॅग मागे बांधून तिचंच टेकण केलं तरी चालतं, फक्त ती दोन पट्ट्यांनी घट्ट बांधा. खड्डा आला की "खड्डा" म्हणा. एका शब्दाने मागचा सावरून बसतो. साडी किंवा ओढणी असेल तर ती चाकात आणि साखळीत जाणार नाही अशी खोचून घ्या, साडी गार्ड काढलेला असेल तर परत लावा.

दुखणं नेहमी सीटमुळेच असतं का?

नाही. माकडहाड दुखत असेल तर आपण पाठीत बाक काढून मागे रेलून बसतोय. दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर हँडल फार घट्ट धरलंय किंवा शरीराचा भार हातांवर आहे. गुडघे दुखत असतील तर पायाच्या खुंट्या आणि सीट यांच्यात अंतर कमी आहे, अशा वेळी सीट थोडी उंच केली तर उलट बरं वाटतं. सरळ रस्त्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी खुंट्यांवर भार देऊन बूड बोटभर उचला, दहा आकडे मोजा, परत बसा. फुकटचा उपाय आहे आणि सगळ्यात गुणकारी.

प्रवास संपून दुसऱ्या दिवशीही मुंग्या, बधिरपणा किंवा पायात उतरणारी कळ असेल तर गादी बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मूळव्याध, मणक्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर निघण्याआधी दाखवा.

कपड्यांनी फरक पडतो?

पडतो. जाड शिलाईची जीन्स आणि मागच्या खिशात पाकीट, ही जोडी सीटपेक्षा जास्त छळते. पाकिटामुळे कंबर एका बाजूला कलते आणि संध्याकाळी पाठ धरते. सायकलवाले घालतात तशी गादीची चड्डी आतून घातली तर मोठा आराम मिळतो.

एका टाकीत गाडी किती जाईल?

टाकी गुणिले मायलेज, असा हिशेब करून लोक फसतात. मी असा करतो. टाकीतून दोन लिटर वजा करायचे, आणि मायलेज आपल्याला आजवर मिळालेलं सगळ्यात वाईट धरायचं. क्लासिक ३५०ची टाकी १३ लिटरची. त्यातले ११ धरले, मायलेज ३० धरलं, म्हणजे ३३०. चांगल्या दिवशी ती चारशेवर जाते, पण मी ३३०च्या पुढचा पंप कधीही गृहीत धरत नाही. स्प्लेंडरची टाकी ९.८ लिटर. एवढं कमी पिणाऱ्या गाडीला एक लिटर राखीव पुरे. ६०ने धरलं तरी सव्वापाचशेच्या पुढे. हिमालयन ४५०ची टाकी १७ लिटर, मायलेज २८ धरलं तर सव्वाचारशेच्या आसपास.

आता हे आकडे वरच्या ७०-८० किलोमीटरच्या शेजारी ठेवून बघा. सगळ्यात तहानलेल्या गाडीतही एका टाकीत शरीराचे चार थांबे बसतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या महामार्गांवर गाडी कधीच आधी थकत नाही, माणूस थकतो. "एका टाकीत कोल्हापूरहून मुंबई गाठली" असं कौतुकाने सांगितलं जातं, आणि त्यापायी लोक पंप दिसूनही पुढे जातात. माझा नियम साधा आहे. अर्धी टाकी झाल्यानंतर शरीर ज्या थांब्यावर थांबेल, तो थांबा पंपाचा असावा. पेट्रोल, पाणी, पाय मोकळे करणं, सगळं एकाच ठिकाणी होतं आणि काटा तळाला जायची वेळच येत नाही.

खरं मायलेज काढायचं कसं?

टाकी ते टाकी. नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, परत तसंच भरा. ३१८ किलोमीटरला ९.३ लिटर बसलं तर ३४.२. एका वेळेवर विश्वास ठेवू नका, तीन वेळा काढा. पेट्रोल भरताना दोन्ही वेळा गाडी त्याच स्टँडवर उभी हवी, कारण कललेल्या टाकीत पेट्रोल वेगळं बसतं. डिजिटल मीटरवर दिसणारं मायलेज मनाला बरं वाटतं, पण हिशेब या पद्धतीचाच धरा.

"अजून थोडं टाका, गळ्यापर्यंत" म्हणू नका. उन्हात पेट्रोल फुगतं. शिवाय बीएस६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या, गाड्यांमध्ये पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा असतो. टाकी काठोकाठ भरली की त्यात वाफेऐवजी पेट्रोलच जातं आणि तो निकामी होतो.

वेग वाढवला की किती फरक पडतो?

वाटतो त्यापेक्षा बराच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६०वरून ९०वर गेलात तर वेग दीडपट आणि वाऱ्याचा विरोध सव्वादोन पट. आपल्या साध्या गाड्या ५५ ते ७०च्या दरम्यान सगळ्यात काटकसरीने धावतात. बाहेर काढलेल्या दोन रुंद सॅडल बॅगा, फडफडणारं जर्किन, मागे उंच बांधलेली सॅक, हे सगळं वारा अडवतं. सामान शक्य तितकं खाली आणि पाठीमागे लपेल असं बांधा.

रिझर्व्हला लागल्यावर किती जाईल?

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला डाव्या बाजूला पेट्रोलच्या तोटीसारखा कॉक असतो. गाडी गचके खायला लागली की चालता चालता हात खाली घालून तो फिरवायचा. त्यानंतर मिळणारं पेट्रोल गाडीगणिक वेगळं, तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा असतो. कॉक परत फिरवायला विसरलात तर पुढच्या वेळी रिझर्व्ह उरणारच नाही. अगदीच संपलं तर गाडी डावीकडे पूर्ण कलवून परत उभी करा. टाकी घोड्याच्या खोगिरासारखी दोन्हीकडे उतरलेली असते, उजव्या पोटात अडकलेलं थोडं पेट्रोल कॉककडे येतं. तेवढ्यावर मी एकदा शेवटचा दीड किलोमीटर काढला आहे.

एप्रिल २०२०पासून बीएस६ आलं आणि कॉक गेला. आता काटा किंवा दिवा. या गाड्यांमध्ये इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा छोटा पंप टाकीच्या आत बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. दिवा लागल्यावरही रोज पन्नास किलोमीटर रेटायची सवय असेल तर तो पंप तापून लवकर जातो. त्याचा खर्च वाचवलेल्या वेळेच्या मानाने फार मोठा आहे.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली तर पेट्रोल वाचतं ना?

नाही, आणि हे धोक्याचं आहे. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या नव्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू राहण्यासाठी उलट पेट्रोल जळतं. वर इंजिनाचा ब्रेक गेलेला, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर, आणि आंबेनळीसारख्या लांब घाटात तो तापून ढिला पडतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

ई२० पेट्रोलने मायलेज पडलंय का?

थोडं पडतं. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई२०साठी न बनवलेल्या दुचाकींच्या मायलेजमध्ये ३ ते ४ टक्के घट येईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात दिला होता. ३५ देणाऱ्या क्लासिकला एका टाकीमागे पंधरा-सोळा किलोमीटर. यापेक्षा खूप जास्त पडलं असेल तर हवा, साखळी, एअर फिल्टर आणि चिकटलेला ब्रेक तपासा. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वॉशर मात्र वर्षातून एकदा बघा, इथेनॉलने ते कडक होऊन तडकतात. आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं.

पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी निघालं तर कसं ओळखायचं?

जुलैत कोकणातून परत येताना एका पंपावर टाकी भरली. सात-आठ किलोमीटरवर, ऐन चढात, गाडी उचक्या देत बंद पडली. परत चालू, परत बंद. पाऊस धो धो. एका टेम्पोवाल्याने दोर बांधून गॅरेजपर्यंत ओढून नेलं. मिस्त्रीने टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढलं आणि खिडकीपाशी धरलं. वर पिवळसर पेट्रोल, मधे स्पष्ट रेघ, खाली दोन बोटं गढूळ पाणी. टाकी उतरवून धुवायला आणि वाळवायला अडीच तास गेले.

तेव्हापासून मुसळधार पावसात मी पाणी साचलेल्या, सखल जागेतल्या पंपावर भरत नाही, आणि टँकर नुकताच रिकामा होत असेल तर पुढच्या पंपावर जातो. पावती नेहमी घ्या. भरल्यावर लगेच गाडी अडखळायला लागली तर रेटू नका, परत त्या पंपावर जा आणि बाटलीत नमुना काढून दाखवा. पाणी जड असतं, तळाशी बसतं, ते लपत नाही. टाकीचं झाकणही तपासा. त्याचं रबर फाटलेलं असेल किंवा पाणी वाहून जायचं बारीक छिद्र मातीने बुजलं असेल तर पाऊस थेट टाकीत उतरतो, आणि दोष पंपाचा नसतो.

पंप कुठे विरळ आहेत?

महामार्गांवर काळजी नाही. ताम्हिणीत पिरंगुट-पौड सोडलं की माणगावपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका. मेळघाटात जाताना परतवाड्याला टाकी भरा. कोकणातल्या सागरी रस्त्यावर, आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी घेत गेलात तर किलोमीटर कमी दिसतात पण वेळ खूप जातो, आणि रात्र पडली की गावातले पंप लवकर बंद होतात. दापोलीत, रत्नागिरीत दिवसाउजेडी भरून घ्या. खिशात रोख पाचशे रुपये ठेवा. रेंज नसली की मोबाइलने पैसे जात नाहीत.

लेहला जाताना पेट्रोल सोबत न्यावं का?

मनालीकडून जात असाल तर हो. अटल बोगदा ओलांडून केलांगच्या अलीकडे तांडीला पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असा तिथला फलक प्रसिद्ध आहे. लेहच्या थोडं अलीकडे कारूला पंप मिळतो, तरी मधला टप्पा तीनशेच्या वरचाच. बारालाचा, तांगलांग अशा खिंडी, पहिला-दुसरा गिअर, त्यामुळे मायलेज घसरतं. माझा ३३०चा हिशेब तिथे जेमतेम ठरतो, म्हणून पाच लिटरचा पत्र्याचा कॅन नेला होता. तीन लिटर लागले.

प्लॅस्टिकच्या बाटलीत नेऊ नका, पंपवाले देतही नाहीत. कॅन सायलेन्सरपासून लांब बांधा, वरती थोडी जागा रिकामी ठेवा, आणि उंचावर झाकण उघडताना हळूहळू सैल करा, आत वाफेचा दाब साचलेला असतो. मोठी टाकी बसवून घ्यायचा विचार मात्र सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई आहे, आणि अपघातानंतर विम्याची अडचण होते ती वेगळीच.

समृद्धी किंवा एक्सप्रेसवेने गेलो तर थांबे कमी होतील ना?

तिथे दुचाकीला परवानगी नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू, तिन्हींवर बंदी आहे. नकाशाच्या ॲपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडा, नाहीतर ते तुम्हाला थेट टोलनाक्यावर नेऊन सोडतं.

गणपतीला मुंबईहून बाइकने गावी जातो. काही वेगळी तयारी?

या प्रवासात वरचे दोन्ही हिशेब बिघडतात. पेण, वडखळ, माणगाव इथे रांगेत पहिल्या गिअरवर तास जातो. किलोमीटर वाढत नाहीत, पेट्रोल जळतं आणि बूड तापतं. तेव्हा थांबे किलोमीटरवर न ठरवता घड्याळावर ठरवा, दर तासाला एक. मायलेज नेहमीपेक्षा चार-पाचने कमी धरा. त्या दिवसांत पंपांवरही रांगा असतात, म्हणून मुंबईतून निघतानाच आदल्या रात्री टाकी भरून ठेवा आणि पुढचं पेट्रोल चिपळूणपर्यंत ढकलू नका, महाडलाच घ्या.

पाऊस असतोच. सीटसाठी एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि एक कोरडं फडकं टाकीवरच्या बॅगेत वरच ठेवा. थांबलात की आधी सीट झाका, मग चहा सांगा. पुसून कोरड्या सीटवर परत बसलात तर चिपळूणच्या पुढेही अंग शाबूत राहतं. ओल्या रेक्झिनवर ओली पँट दोन तास घासली की मांड्या सोलवटतात आणि आरतीला मांडी घालून बसता येत नाही.